हा हात कुणाचा?

डोळे मिटा आणि उजव्या हाताचे बोट नाकाच्या शेंड्याला लावा. जमले? जमणारच. लहान पोरही हे सहज करून दाखवते. पण क्षणभर विचार करा. डोळे मिटलेले असताना आपला हात कुठे आहे, तो किती वाकवायचा, नाक किती अंतरावर आहे, हे तुम्हाला सांगितले कोणी?

शाळेत आपण पंचज्ञानेंद्रिये घोकली. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. ही सहावी जाणीव त्या यादीत नव्हती. आपल्या स्नायूंत आणि सांध्यांत असंख्य बारीक संवेदक असतात. कोणता अवयव कसा वाकला आहे, कुठे ताण पडतो आहे, याची खबर ते मज्जातंतूंमार्फत अहोरात्र मेंदूला पुरवत असतात. सर चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. आपण तिला अंगस्थितीची जाण म्हणू.

या खबरांवरून मेंदू आपल्या देहाचे एक चित्र सतत रंगवत असतो. म्हणजे ‘माझे शरीर’ असे आपण म्हणतो तेव्हा शरीरे खरे तर दोन असतात. एक हाडामांसाचे आणि दुसरे मेंदूने काढलेले. आपला सारा वावर असतो तो या दुसऱ्यात. निरोगी माणसात ही दोन्ही इतकी तंतोतंत जुळलेली असतात की ती दोन आहेत अशी शंकाही कुणाला येत नाही. मज्जासंस्थेचा आजार झाला की मात्र त्यांची फारकत होते. मग घरातले शहाणेसुरते माणूस असे काही बोलू लागते की ऐकणारा गांगरून जातो.

अशा वेळी आपल्या घरांतून तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. “नाटकं चाललीत.” “भ्रमिष्ट झाली बिचारी.” आणि “बाहेरचं काहीतरी लागलंय.” या तीन वाक्यांमुळे आजारी माणसाचे किती नुकसान होते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही. घरातले एक दीर्घ आजारपण जवळून पाहिले आणि तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आले, एवढीच माझी पात्रता.

अंधार झाला की कोसळणारा माणूस

पहिली हकीकत ब्रिटनमधल्या एका तरुणाची. वैद्यकीय लेखनात त्याचा उल्लेख ‘आय. डब्ल्यू.’ या आद्याक्षरांनी येतो. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना मानेखालच्या शरीरातली स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाण घेऊन गेला. शरीराच्या प्रतिकारशक्तीने चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला केला होता.

गंमत अशी, की स्नायूंना हुकूम नेणारे तंतू शाबूत होते. म्हणजे अर्धांगवायू वगैरे काही नव्हते. चटका कळे, गारवा कळे, दुखलेलेही कळे. पण हात कुठे आहे हे कळत नसे. डोळ्यांनी पाहावे तेव्हा तो भलतीकडेच कुठेतरी हवेत तरंगत असलेला दिसे. उठून बसता येईना, कारण बसण्यासाठी काय काय हलवायचे याचा हिशेबच मेंदूकडे उरला नव्हता.

या तरुणाने हार मानली नाही. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून करायची, असा नवाच धडा त्याने गिरवला. बसायला, उभे राहायला, चालायला तो अनेक महिने खपून शिकला. पुढे नोकरीही केली. मात्र एक पाऊल टाकायचे तरी संपूर्ण लक्ष तिथे हवे. चालता चालता गप्पा मारणे, जे तुम्हीआम्ही फिरायला जाताना रोज करतो, ते त्याच्या दृष्टीने महाकठीण. आणि उभा असताना एकदम दिवे गेले तर? पाय शाबूत असूनही तो जागच्या जागी कोसळणार! डॉ. जोनाथन कोल यांनी १९९१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. रोजचे साधे जगणे ही त्याची रोजची मॅरेथॉन आहे, असे त्याच्या नावातच त्यांनी सुचवले आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत असेल? धडधाकट तरुण, हातापायांत जोर आहे, तरी उठत नाही. ‘आळशी’ हा शब्द किती पटकन ओठांवर येतो पाहा!

नसलेल्या हाताची कळ

याच्या अगदी उलट प्रकार हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसांच्या वाट्याला येतो. अवयव गेलेला असतो, पण त्याची जाणीव जात नाही. अपघातात पाय गमावलेला माणूस रात्री त्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली म्हणून जागा होतो. तुटलेल्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळली जाते की नखे तळव्यात रुततात आणि कळा येतात. आता तळवाही नाही आणि नखेही नाहीत. कळा मात्र खऱ्या.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी अशा अनेकांवर उपचार केले. १८७१ मध्ये त्यांनी या अनुभवाला ‘फँटम लिंब’, म्हणजे भुताचा अवयव, असे नाव दिले. त्याआधी १८६६ मध्ये त्यांनी याच विषयावर एक कथा निनावी छापली होती. वाचकांना ती खरीच वाटली आणि कथेतल्या सैनिकासाठी त्यांनी मदत पाठवायला सुरुवात केली!

पुढे बराच काळ अनेकांचा समज असा होता की कापलेल्या जागी तंतूंची टोके चाळवली जातात म्हणून असे होते, किंवा दुःख पचवता न आल्याने माणूस मनाची समजूत घालतो. या कोड्याचा मोठा उलगडा केला तो आपल्याच देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाने. डॉ. विलयनूर रामचंद्रन हे मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक. मेंदूच्या पृष्ठभागावर सगळ्या अंगाचा नकाशा असतो आणि त्यात चेहऱ्याचा भाग हाताच्या भागाला लागून असतो, हे माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी पूर्वीच दाखवले होते. रामचंद्रन यांनी १९९२ च्या सुमारास हात गमावलेल्या एका तरुणाचे डोळे बांधले आणि कापसाच्या बोळ्याने त्याच्या गालाला हलकेच स्पर्श केला. तरुण म्हणाला, गालाला लागतेच आहे, पण माझ्या गेलेल्या अंगठ्यालाही लागते आहे! हाताकडून खबर येणे थांबल्यावर मेंदूतल्या त्या ओसाड जागेत शेजारच्या चेहऱ्याच्या तंतूंनी शिरकाव केला होता.

मग त्यांनी एक साधी युक्ती काढली. एका खोक्यात उभा आरसा बसवला. धड हात आरशासमोर ठेवायचा म्हणजे त्याचे प्रतिबिंब बरोबर गेलेल्या हाताच्या जागी दिसते. धड हाताची मूठ उघडली की ‘तो’ हातही उघडताना दिसतो. वर्षानुवर्षे आवळलेली मूठ कित्येकांना प्रथमच सैल झाल्यासारखी वाटली. सगळ्यांनाच या उपायाने गुण येतो असे नाही. पण अर्धांगवायूनंतर हाताचा व्यायाम म्हणूनही आता आरशाचा उपयोग करतात. जो माणूस ‘नसलेला हात दुखतो’ म्हणत होता त्याचे म्हणणे खरे मानले, म्हणून ही युक्ती सुचली.

पानातली डावी बाजू

आता घरातली गोष्ट. १९८६ साली माझ्या मोठ्या आत्याला अर्धांगाचा झटका आला. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागातला रक्तपुरवठा तुटला होता, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय गेला. वाचा शाबूत, स्मरणशक्ती तल्लख. नातवंडांच्या जन्मतिथी धडाधड सांगायची. मी तेव्हा कॉलेजात होते. सुटीत तिच्या सोबतीला गेले, तर दुसऱ्याच दिवशी तिने मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारले,

“अगं, हा कुणाचा हात ठेवलाय माझ्या अंथरुणात?”

मी म्हटले, “आत्या, तुझाच आहे की.”

“माझा कसला? धाकटीचा दिसतोय. तिला म्हणावं, घेऊन जा बाई तुझा हात.”

“पण बांगड्या तर तुझ्याच आहेत ना?”

“तिनं घातल्या असतील,” आत्या शांतपणे म्हणाली.

आतोबा बाहेर जाऊन डोळे पुसू लागले. शेजारच्या काकूंनी अंगारा आणला. पण खरा कहर झाला तो जेवणाच्या वेळी. “मला चटणी वाढत नाही, कोशिंबीर वाढत नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही,” असे आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. वहिनी दोन्ही वेळा निगुतीने पान वाढायची आणि उष्टे काढताना चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी दिसायची. वहिनीला वाटे, सासूबाई आजारपणातही मुद्दाम टोचून बोलतात. एका घरात दोन बायका एकमेकींवर रुसून रडत होत्या आणि दोघींचाही काही दोष नव्हता.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आपल्या पानात चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ हे सगळे डाव्या बाजूला असते! आत्याच्या जगातून डावी बाजूच नाहीशी झाली होती. डोळे चांगले होते. पण ‘डावीकडे’ म्हणून काही असते, हेच तिच्या मेंदूने सोडून दिले होते. तपासायला आलेल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी हे दोन मिनिटांत ओळखले. त्यांनी ताट अर्धे फिरवले. “अगंबाई, ही बघ चटणी!” आत्या म्हणाली. वहिनीच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी आजही विसरलेले नाही.

या प्रकाराचे वर्णन वैद्यकशास्त्रात जुने आहे. तळव्यावर रेघ ओढून अंगठा वर जातो का, हे पाहताना डॉक्टरांना तुम्ही पाहिले असेल. ती तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांना आपले अंग लुळे पडले आहे हेच मान्य नव्हते. या अवस्थेला त्यांनी ‘अनोसॉग्नोसिया’ म्हटले, म्हणजे आपल्या आजाराचेच भान नसणे. मेंदूचा उजवा भाग दुखावला की हा प्रकार विशेष दिसतो.

१९७८ मध्ये इटलीच्या बिसियाक आणि लुझ्झाती या दोघांनी मिलानमध्ये एक सुंदर प्रयोग केला. शहरातला कॅथीड्रलसमोरचा चौक तिथल्या माणसांच्या रोजच्या ओळखीचा. त्यांनी दोन रुग्णांना सांगितले, तुम्ही चौकात कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसते ते सांगा. रुग्णांनी उजव्या हाताच्या इमारती भराभर सांगितल्या, डावीकडच्या वगळल्या. मग सांगितले, आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर पाठ करून उभे राहा. आता आधी वगळलेल्या इमारती उजवीकडे आल्या. त्या सगळ्या आठवल्या, आणि आधी सांगितलेल्या गायब झाल्या! म्हणजे आठवण जागच्या जागी होती. हरवली होती ती मनातलीही डावी बाजू.

याच बिसियाक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका वृद्धेची हकीकत प्रसिद्ध केली. आपला डावा हात हा आपल्या आईचा आहे, असे ती म्हणे. तिच्या डाव्या कानात थंड पाणी सोडून तोल सांभाळणारी यंत्रणा चाळवली, तेव्हा थोडा वेळ तिला हात आपला वाटू लागला. परिणाम ओसरताच हात पुन्हा आईचा झाला! (हा प्रयोग डॉक्टरांनीच करायचा आहे, घरी कुणी करू नये.) वेडाचा झटका किंवा हट्ट असता तर तो कानात पाणी सोडून उतरला असता का?

बाईंच्या सल्ल्याने वहिनीने ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबीन बांधली. “लाल दिसेपर्यंत मान वळवायची,” असे ठरले. बोलायला बसणारा हळूहळू डावीकडे सरकू लागला. हात पुढेही पुरता चालला नाही. पण सासूसुनांमधली ती अढी गेली.

न दुखण्याचे दुखणे

दुखणे नकोच, असे आपण सगळेच म्हणतो. पण दुखणेच नाहीसे झाले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोग हा कातडीचा रोग म्हणून ओळखला जातो. पण त्याचा जंतू, जो नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, हातापायांच्या मज्जातंतूंत घर करतो आणि तिथली संवेदना मारतो.

बोटे ‘झडतात’ असा पूर्वापार समज होता. तो खोडून काढण्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका खोलीचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका कृश मुलाने किल्ली घेतली आणि हिसड्यासरशी कुलूप उघडले. जमिनीवर रक्ताचे थेंब पाहून ब्रँड यांनी त्याचा हात धरला, तर बोट हाडापर्यंत कापलेले. मुलाला पत्ताही नव्हता! बोटे रोगाने झडत नव्हती. चटके, जखमा, रात्री झोपेत कुरतडणारे उंदीर, यांची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नसल्याने ती थोडी थोडी संपत होती. यावर ब्रँड यांनी रुग्णांना मांजरे पाळायला दिली.

आज कुष्ठरोगाची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. मात्र गेलेली संवेदना परत येईलच असे नसते, म्हणून अंगावरचा फिकट किंवा लालसर बधिर चट्टा वेळीच दाखवायला हवा.

आणि हे दुखणे आता मधुमेहाच्या रूपाने घराघरांत आले आहे. जुन्या मधुमेहात पायाचे तंतू हळूहळू मरतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली, आणि पायाला फोड आल्याचे घरी आल्यावर सुनेच्या नजरेस पडले, अशी उदाहरणे आपल्या आसपास आहेत. “पायाला काही वाटतच नाही” असे वडील म्हणाले, तर ती सुखाची बातमी समजू नका. रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात पाहा.

क्षणभर दुसरेच जग

शरीराच्या चित्रासारखीच आपली शुद्धही मेंदूच्या कामावर अवलंबून असते. अपस्मार, म्हणजे ज्याला आपण फीट म्हणतो, त्यात मेंदूतल्या पेशी एकाच वेळी भडकून उठतात. ही खळबळ कोणत्या भागात होते त्यावर अनुभव ठरतो. कुणाला नसलेला वास येतो. कुणाला अनोळखी जागा पूर्वी पाहिल्यासारखी वाटते. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांना स्वतःला हा आजार होता आणि झटक्यापूर्वीच्या विलक्षण आनंदाच्या क्षणाचे वर्णन त्यांनी ‘द इडियट’मधल्या नायकाच्या तोंडी घातले.

२००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉ. ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्णाबाईंच्या मेंदूची तपासणी करताना उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला. त्या म्हणाल्या, मी छताजवळ तरंगते आहे आणि पलंगावर पडलेली मीच मला खाली दिसते आहे. प्रवाह थांबला की त्या आपल्या देहात परत!

आपल्याकडे मात्र फीट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावतात. त्याचा काही उपयोग नाही. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटका ५ मिनिटांहून अधिक चालला तर तडक रुग्णालय गाठावे. आणि तो पुरता शुद्धीवर आल्यावर त्याला काय जाणवले ते विचारून लिहून ठेवावे. डॉक्टरांना त्या चार ओळींचा फार उपयोग होतो.

आत कुणीतरी जागे आहे

शेवटची अवस्था सर्वांत हृदयद्रावक. देह पूर्ण थांबलेला, आणि आतला माणूस जागा. फ्रान्समधले एक नामांकित संपादक झाँ-डॉमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये मेंदूच्या मुळाशी झटका आला. शुद्धीवर आल्यावर फक्त डावी पापणी हलवता येत होती. समोरच्या व्यक्तीने अक्षरे म्हणायची, हवे ते अक्षर आले की यांनी पापणी मिटायची. अशा एकेका अक्षराने त्यांनी संपूर्ण पुस्तक सांगितले. १९९७ च्या मार्चमध्ये ते प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांतच बोबी गेले.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन बारी सिंड्रोमची साथ आली, तेव्हा हा आजार मराठी घरांत प्रथमच एवढा चर्चेत आला. पायाला मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर वर चढतो. काहींना व्हेंटिलेटर लावावा लागतो. बोट हलत नाही, पण अशा रुग्णाची शुद्ध सहसा पूर्ण असते. खाटेपाशी बोललेला शब्द न् शब्द तो ऐकत असतो.

ज्यांना आपण बेशुद्ध समजतो त्यांचे काय? २००६ मध्ये केंब्रिजमध्ये डॉ. एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर अनेक महिने निश्चेष्ट असलेल्या एका तरुणीला स्कॅनच्या यंत्रात सांगितले, “तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.” निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग अशा वेळी उजळतो तोच तिच्याही मेंदूत उजळला. ती ऐकत होती! २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या पाहणीत, सांगितलेले काहीही न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने अशी दाद दिली. म्हणजे चारांत एक.

रुग्ण बेशुद्ध आहे म्हणून त्याच्या उशाशी वाटण्यांची, खर्चाची, ‘आता किती दिवस’ अशी बोलणी करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्याऐवजी त्याचे नाव घेऊन बोलावे. आज वार कोणता, घरी कोण आले, अंगणात काय फुलले, ते सांगावे.

विश्वास म्हणजे काय?

काही वाचक विचारतील, आजारी माणूस म्हणेल ते सगळे ‘हो हो’ म्हणून मान्य करायचे का? नाही. लुळा हात धाकटीचा आहे, हे आपणही म्हणू लागलो तर रुग्णाचे भले होणार नाही. आपले अंग लुळे आहे हे ज्याला ठाऊक नाही तो एकटाच उठायला जातो आणि पडतो, म्हणून त्याला जपायलाच हवे. पण ‘हात तुझाच आहे, वेड्यासारखं बोलू नकोस’ आणि ‘तुला तो परका वाटतोय होय? मला मात्र तुझाच दिसतोय, आपण दोघं मिळून त्याला तेल लावू’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने माणूस गप्प होतो. दुसऱ्याने तो बोलत राहतो, आणि तो बोलत राहिला तरच डॉक्टरांना वाट सापडते.

वेळेचेही महत्त्व मोठे आहे. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांतले काहीही अचानक झाले तर अंगारेधुपारे, ‘सकाळी बघू’, काही नको. १०८ क्रमांकाला फोन करून सरळ मेंदूच्या स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चालणार असेल तर ते पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येते. रात्र काढण्यात हा वेळ निघून जातो.

रुग्णाच्या उशाशी बसणारा प्रत्येक जण मेंदूचा तज्ज्ञ होऊ शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. आजी म्हणाली की पाय कापसाचे झालेत, मुलगा म्हणाला की भिंती लांब जाताहेत, दादा म्हणाले की गेलेला पाय ठणकतोय, तर “असं कसं होईल?” हा प्रश्न आपण गिळायला शिकावे. त्याजागी “कसं होतंय, नीट सांग बघू,” असे म्हणावे, खुर्ची जवळ ओढावी आणि उत्तर संपेपर्यंत उठू नये.